व्हर्लिन बंदूक का घेत नसे

व्हर्लिनच्या मयतीला चर्चचं तळघर भरून माणसं आली होती. हॅम घातलेले पाव, बटाट्याचं सॅलड, कॉफीच्या दोन मोठ्या किटल्या, सगळं नेहमीचं. पाद्री नवीन, तरुण, इथं येऊन दोनच वर्षं झालेली. तो उभा राहून म्हणाला, व्हर्लिन टायडन इतका मऊ काळजाचा की तीस वर्षं हरणांच्या हाक्याला गेला पण हातात बंदूक म्हणून धरली नाही. सगळ्यांनी हं हं केलं. आर्लिस, त्याची बायको, तिनं खाली बघितलं. तिचा थोरला भाऊ डार्विन आता ऐंशीचा झालाय. त्यानं ताटातला पाव उचलला आणि तसाच परत ठेवला.

मऊ काळजाचा होता, त्यात खोटं काही नाही. पण बंदूक त्यानं मऊपणापायी सोडली नव्हती, लाजेपायी सोडली होती. आणि माणूस गेला म्हणून त्याच्या लाजेला कुणी चांगुलपणाचं नाव द्यावं, हे त्याला आवडलं नसतं. तो असता तर उठून बोलला असता. आता नाही तो. म्हणून जसं झालं तसं सांगायचं.

व्हर्लिन सोसायटीच्या धान्याच्या कोठारावर कामाला. ट्रक आला की शिडीवर चढायचं, मक्यात पोकळ सळई खुपसायची, नमुना काढायचा, ओल किती ते बघायचं. ओल मोजायला यंत्र होतं, पण व्हर्लिन दाणा दाताखाली धरून आधीच आकडा सांगायचा आणि मागून यंत्र तेच सांगायचं. शेतकरी पैज लावायचे. कामाला वाघ, कधी कुणाला दुखावून बोलला नाही, पोरीबाळींचं लग्न असो की कुणाचा पंप बंद पडलेला असो, हा हजर.

एकच खोड. न समजलेलं विचारायचं नाही.

बाप लवकर गेलेला, आई लोकांच्या घरची धुणी करायची, शाळा नववीत सुटली. "एवढंही येत नाही का रे तुला?" हे लहानपणी इतक्यांदा ऐकलं की मोठेपणी नुसती मान हलवायची सवय लागली. कोठारावर पहिल्याच आठवड्यात साहेबानं चार नंबरची झडप उघड म्हणून सांगितलं. याला ऐकू आलं नाही. परत विचारायची लाज. यानं सात नंबरची उघडली. मक्यावर सोयाबीन. दोन दिवस वेगळं करत बसले सगळे. सासरी पत्ते खेळायला बसायचा तर अकरा वर्षं एक नियम माहीतच नव्हता त्याला, आर्लिसच्या तोंडाकडं बघून पानं टाकायचा. हे हसण्यावारी जायचं. हरणाचं गेलं नाही.

आर्लिसचं माहेर म्हणजे आयलर्स. त्या घरात डिसेंबरातल्या बंदुकीच्या दिवसांचं कौतुक नाताळापेक्षा जास्त. आमच्या आयोवात हरणावर तेव्हा रायफल चालायची नाही. सपाट मुलूख, मैला-दीड मैलावर कुणाचं तरी घर, रायफलीची गोळी कुठं जाऊन थांबेल सांगता येत नाही. म्हणून शॉटगन. आणि तिच्यात पाखरांसाठी घालतात ते छरे नाहीत, तर स्लग, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी एकच शिशाची गोळी. दहा-बारा माणसं जमायची. निम्मे ओढ्याकाठच्या रानातून ओरडत, काठ्या आपटत चालणार, ते हाकारे. निम्मे पलीकडच्या टोकाला नाक्यानाक्यावर गुपचूप उभे. हरीण उठलं की नाक्यावरचा मारणार.

व्हर्लिन बारा वर्षं यातलं काहीच करायचा नाही. बायकांबरोबर थांबायचा, हॅम कापायचा, दुपारी पिकअपमध्ये सूपचं पातेलं घालून सगळे जमायचे त्या आयलर्सच्या शेडवर न्यायचा. डार्विनचा चुलतभाऊ गेलन म्हणजे तोंडाचा फार वाईट. पातेलं उघडून म्हणायचा, "जावईबापू, मीठ कमी पडलं हं आज. सासूबाईंना विचारून घालत जा."

सगळे हसायचे. व्हर्लिनही हसायचा.

मग चौऱ्याण्णव साली ऑगस्टात म्हातारे हबो गेले. आर्लिसचे वडील. जायच्या आधी सांगून गेले, माझी बारा बोअरची व्हर्लिनला द्या. डार्विनला नाही, गेलनला नाही, व्हर्लिनला! पुढं-मागं ओढून काडतूस भरायची जुनी बंदूक ती, दस्त्यावर हबोंच्या गालाचा डाग पडलेला. का दिली कुणाला कळलं नाही. आर्लिस म्हणते, आजारपणात व्हर्लिन रोज त्यांची दाढी करायचा, म्हणून असेल.

"म्हाताऱ्याचं शेवटी डोकं फिरलं होतं," गेलन म्हणाला.

डार्विन म्हणाला, "बाबांनी दिली म्हणजे दिली. डिसेंबरात तू आमच्यात. नेम लावून बघ आधी. नवी बंदूक आणि नवा माणूस, दोन्ही आधी कागदावर तपासायचे."

"हो हो," व्हर्लिन म्हणाला.

एकोणचाळीस वर्षांचा बाप्या, पण पहिल्यांदा सासरच्यांनी "आमच्यात" म्हटलं म्हणून त्या दिवशी शीळ घालत घरी आला.

काडतुसं आणायला तालुक्याला गेला. दुकानात गर्दी. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "नळी कसली? आटे पाडलेली का गुळगुळीत?"

आता व्हर्लिनला काय माहीत. नळीच्या आत स्क्रूसारखे आटे असतात हेच त्यानं पहिल्यांदा ऐकलं. मागं रांगेत कोठारावर येणारे दोन शेतकरी उभे. एक तर म्हणालाही, "काय व्हर्लिन, आता हरणाची ओल मोजणार का?" नळीत डोकावून बघून येतो म्हणायला हवं होतं. बंदूक बाहेर गाडीतच होती. दहा पावलं.

"आट्यांची," तो म्हणाला.

"मग ह्या घ्या, प्लास्टिकच्या खोळीतल्या. शंभर पावलांवर कॉफीच्या कपात बसतील."

पाच काडतुसांची डबी. महाग. घरी येऊन त्यानं ती कपाटात ठेवली, रोज एकदा उघडून बघायचा.

नेम तपासायला एका शनिवारी वाळूच्या खाणीत गेला. तिथं आधीच तीन गाड्या, पोरं कागद लावून मारत होती. हा गाडीत बसून राहिला. त्यांच्यासमोर पहिली गोळी उडवायची, खांद्याला दणका बसणार, कागदावर भोक पडणार नाही, मग कुणी तरी येऊन शिकवायला लागणार. वळवली गाडी. डार्विननं विचारलं, "बघितलास का नेम?" तर म्हणाला, "बघितला की. बरोबर आहे." आर्लिस तिथंच होती. तिला वाटलं, खरंच बघितला असेल.

हाक्याचा शनिवार. सहा इंच बर्फ, स्वच्छ थंडी, मक्याची धसकटं बर्फातून वर आलेली. डार्विननं माणसं वाटली. व्हर्लिनला त्यानं ओढा वळतो तिथला कुंपणाचा कोपरा दिला. चांगला नाका तो, हबोंचा.

"कुंपणाच्या पलीकडं टेनाकाकूचं रान, तिकडं बंदूक घेऊन जायचं नाही. हाकारे डावीकडून येणार, तिकडं नळी फिरवायची नाही. हरणाच्या खांद्यामागं धर. आणि ऐक, रक्त दिसलं तर ओरड."

हे शेवटचं म्हणजे हबोंचा कायदा. रक्ताचा थेंब दिसला की हाका बंद. सगळी माणसं एका रांगेत त्या रक्तामागं, हरीण हातात येईपर्यंत, मग दिवस जावो नाहीतर दोन दिवस. आणि नुसतंच चुकलं तर? तर काही नाही. संध्याकाळी शेडमध्ये तुमच्या सदऱ्याची शेपटी, म्हणजे मागचा खालचा घोळ, कापायची, तिच्यावर नाव-साल लिहायचं आणि तुळईला खिळा मारून टांगायची. डार्विनच्यासुद्धा तिथं दोन आहेत. ती लाज गोड असते.

व्हर्लिन उभा राहिला. तळपाय बधीर. लांबून हाकाऱ्यांची ओरड यायला लागली. आधी दोन माद्या गेल्या, त्या त्यानं सोडल्या, कारण बंदूक उचलायचं सुचलंच नाही. मग नर आला. मोठा, जाड मानेचा, पळत नव्हता, चालत होता, मागं वळून बघत. साठेक पावलांवर आडवा उभा राहिला. व्हर्लिननं नळीच्या टोकाचा पितळी मणी त्याच्या खांद्यामागं धरला आणि चाप ओढला.

आवाजानं त्याचे डोळे मिटले. उघडले तर नर पुढच्या गुडघ्यावर आलेला. उठला. व्हर्लिननं परत मारली, परत मारली. त्या कुठं गेल्या देव जाणे. नर कुंपणाकडं पळाला आणि पळताना पुढचा एक पाय नुसता लोंबत होता, चिंधीसारखा. उडी मारली, तारेत अडकला, पलीकडं पडला, उठला आणि टेनाकाकूच्या देवदारांकडं गेला.

व्हर्लिन त्या जागी गेला. बर्फावर केसांचा पुंजका, रक्ताची पिचकारी, आणि हाडाची एक कपची, नखाएवढी, पांढरी.

ओरडायचं होतं. तोंड उघडलंही असेल त्यानं. पण हाकारे जवळ आले होते, गेलनचं खिदळणं ऐकू यायला लागलं होतं. आता ओरडलं की सगळे येणार. दिवसाचे उरलेले दोन हाके बुडणार. साठ पावलांवर उभं असलेलं जनावर आणि पाय मोडला, म्हणून विचारणार. नेम कुठं तपासलास, कुणाबरोबर, कधी. गोळी कुठली, दाखव. सगळं एकेक करून उलगडणार.

त्यानं बुटानं बर्फ ओढला. रक्तावर, केसांवर, कपचीवर. कुंपणापर्यंत ओढत गेला आणि वरून दोन पावलं चालला.

डार्विन धापा टाकत आला. "लागलं?"

"नाही. चुकलं."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"रक्त?"

"नाही. बघितलं मी."

डार्विननं त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग कुंपणाकडं. आणि विश्वास ठेवला. घरचा माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण बर्फ उकरणार?

"अरे तिन्ही!" गेलननं चाकू काढलाच. "संध्याकाळपर्यंत दम निघणार नाही माझा. जावईबापू, वळा. शेपटी मोठी कापू, तीन गोळ्यांची आहे."

आर्लिसनं नवा शिवलेला फ्लॅनेलचा सदरा. कापला. सगळे पोट धरून हसले, कुणीतरी पाठीवर थाप मारली, कुणीतरी गरम कॉफी दिली. बारा वर्षांत त्याला त्यांनी इतकं आपलं कधी केलं नव्हतं. हे तो पुढं आर्लिसला सांगायचा तेव्हा तिथंच अडकायचा. म्हणायचा, "अगं, मला बरं वाटलं गं तेव्हा. तेच तर."

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्च झालं, सगळे शेडमध्ये जेवायला. तुळईवर नवी शेपटी लटकत होती. सूप वाढणं चाललेलं, तेवढ्यात टेनाकाकूची जुनी गाडी आली. टेना उबेन, ऐंशीच्या पुढची विधवा, एकटी राहायची. नवऱ्याचे मोठे बूट घालून दारात उभी राहिली. आत आली नाही.

"माझ्या देवदारांखाली एक नर पडलाय," ती म्हणाली. "पुढचा पाय मोडलाय. कालपासून उठतोय आणि पडतोय. कुणाचा आहे?"

व्हर्लिनच्या हातात पळी होती.

डार्विन उभा राहिला. "काकू, आमचा नाही. आमच्या प्रत्येक गोळीचा हिशोब आहे. गेलनची मादी ती टांगलीय, माझी ती. व्हर्लिनच्या तिन्ही चुकल्या, ती बघा शेपटी. हे त्या हॅवलिकांचं काम. काल तुमच्या पूर्वेला तेच होते."

"असं?" टेनाकाकू म्हणाली.

ती तिथंच थांबली. हातमोजे काढले, परत घातले. कुणाकडं बघत नव्हती, चुलीकडं बघत होती. बराच वेळ थांबली ती.

व्हर्लिन पळी पातेल्यात फिरवत राहिला.

डार्विनला राग आला की आवर नसायचा. भिंतीवरचा फोन उचलला आणि मर्ल हॅवलिकला लावला. मर्ल म्हणजे शेजारच्या वाडीचा, त्यांचीही अशीच टोळी. "मर्ल, लाज आहे का तुमच्यात कुणाला? जनावर मोडून टाकायचं आणि मागं वळून बघायचं नाही? रात्रभर तडफडलंय ते! नाही कसं? तुमच्यातल्या कुणी दोन गोळ्या मारल्या तिकडं, मी ऐकल्यात. चुकल्या म्हणाला? आणि तू ऐकलंस? माझे बाबा असते तर असल्या माणसाला बांधावर उभं केलं नसतं!" आणि आणखी बरंच, इथं लिहायसारखं नाही.

फोन आपटून तो वळला. "व्हर्लिन, तू जा काकूबरोबर. तुझ्या दोन गोळ्या उरल्यात ना? जवळून तरी लागेल."

गेलन हसला. "काकू, तुम्ही जरा लांब उभ्या राहा हं."

व्हर्लिन गेला. काय करणार?

नर देवदाराच्या खालच्या फांदीखाली होता. भोवतालचा बर्फ तुडवून तुडवून काळा झालेला. माणसं बघून उठला, तीन पायांवर चार ढांगा टाकल्या आणि कोसळला. तोंडातून वाफ येत होती. टेनाकाकू म्हणाली, "आता उशीर नको करू." व्हर्लिननं दहा पावलांवरून मारली. संपलं. मग तो तिथंच बर्फात गुडघ्यावर बसला.

"चल, चहा घे," ती म्हणाली.

तिच्याकडं चहा म्हणजे तीन कप. त्याच्या आत उठलं तर अपमान. पातळ चिनी मातीचे कप, तळाला खडीसाखरेचा खडा, वरून कढत चहा ओतला की खडा तडतडतो, मग कडेनं साय सोडायची आणि ढवळायचं नाही. व्हर्लिन ओट्याजवळच्या टेबलाशी बसला. समोर खिडकी. खिडकीतून ओढा दिसत होता, कुंपण दिसत होतं, आणि कोपरा. स्वच्छ.

त्यानं कप बशीत ठेवला.

"इथंच बसते मी सकाळची," टेनाकाकू म्हणाली. "काल तू बुटानं बर्फ ओढत होतास. मला वाटलं, किल्ली-बिल्ली पडली असेल याची."

"काकू..."

"मग तो माझ्या झाडांखाली आला, तेव्हा समजलं."

"मग मघाशी शेडमध्ये सांगितलं का नाही तुम्ही?"

"मी का सांगू? माझं आहे का ते?" तिनं दुसरा कप भरला. "मी थांबले होते की तिथं. पाय गोठले माझे. तुला अजून किती वेळ द्यायचा?"

व्हर्लिन रडला नाही. रडता आलं असतं तर बरं झालं असतं, म्हणायचा. कानशिलं नुसती तापली, लहानपणी मास्तरांनी फळ्याजवळ उभं केल्यावर तापायची तशी.

"हबो तुझ्याबद्दल काय म्हणायचा ठाऊक आहे का?" म्हातारीनं विचारलं.

"नको काकू. ते नका सांगू."

"बरं. तिसरा कप घे, मग जा."

हबो काय म्हणाले होते ते व्हर्लिननं पुढंही कधी विचारलं नाही. टेनाकाकू पुढल्या उन्हाळ्यात गेली. ते तिच्याबरोबरच गेलं.

नराला त्यानं एकट्यानं ओढून पिकअपमध्ये घातलं. रस्त्यावर गाडी उभी करून थोडा वेळ बसला. ओढ्याच्या घळीत लोटून दिलं असतं तरी चाललं असतं, कोल्ह्यांनी दोन दिवसांत साफ केलं असतं, आणि म्हातारी बोलणार नव्हती. हे सगळं त्याच्या मनात आलं. तेही त्यानं आर्लिसला सांगितलंय, लपवलं नाही.

शेडसमोर गाडी लावली तेव्हा सगळे बाहेर आले, शिंगं बघायला. व्हर्लिन म्हणाला, "हा माझा आहे."

"तूच मारलास ना आत्ता, तुझाच," गेलन म्हणाला. "परवान्याचा बिल्ला लाव तुझा."

"कालचा. पाय मी मोडला. रक्त होतं. मी बर्फ ओढला त्याच्यावर."

कुणी हसेल म्हणून तो थांबला. गेलन तरी काहीतरी बोलेल. गेलननं हातातला पाव खिशात घातला. अर्धा खाल्लेला पाव, खिशात.

डार्विननं नराचा पाय उचलून बघितला. गोळीचं भोक गोल नव्हतं. लांबट होतं, सदऱ्याच्या काजासारखं. त्यावर त्यानं अंगठा फिरवला. "आडवी शिरलीय. गोळी कुठली वापरतोस?"

व्हर्लिननं उरलेलं एक काडतूस दिलं. डार्विननं ते उजेडात धरलं. मग गाडीतून बाबांची बंदूक काढली, रिकामी करून नळीतून आकाशाकडं बघितलं.

"ही गुळगुळीत आहे. आरशासारखी. ह्या खोळीतल्या गोळीला आटे लागतात फिरायला. नाहीतर ती गटांगळ्या खात जाते. चार पैशाच्या साध्या स्लगनं जागेवर पडला असता तो." मग हळू म्हणाला, "तू नेम तपासला होतास ना?"

"नाही."

"मला म्हणालास."

"हो."

"अरे, विचारायचं होतंस की मला. मी काय खाणार होतो तुला?"



डार्विन चिडला असता तर सोसलं असतं. तो चिडला नाही. बंदूक काखेत धरून उभा राहिला. "मर्लला मी काय काय बोललो," तो म्हणाला. "बाबांचं नाव घेऊन बोललो."

"मी जातो त्याच्याकडं."

"जा. बंदूक इथं राहू दे."

ती व्हर्लिननं परत कधी मागितली नाही; पुढं तीस वर्षं तो हाकाऱ्यांत चालला, नुसती काठी घेऊन.

सहा मैल. हॅवलिकांच्या घरी दार मर्लच्या बायकोनं उघडलं, आत खसखशीच्या पावांचा वास, माणसं जेवून टेबलाशी बसलेली. व्हर्लिन पायपुसण्यावर उभा राहिला, टोपी हातात.

"मी व्हर्लिन टायडन. डार्विनचा मेहुणा. ते हरीण माझं होतं. मी खोटं बोललो. डार्विन तुम्हाला जे बोलला ते माझं आहे सगळं, तुमचं नाही."

मर्ल जाडजूड, लाल तोंडाचा माणूस. उठला नाही. "मिळालं का हरीण?"

"मिळालं. संपवलं."

"बरं झालं." मग म्हणाला, "काल त्या बाजूला माझा पुतण्या होता. एमिल. दोन मारल्या, चुकल्या म्हणाला. डार्विनचा फोन आला आणि मी त्याला खोटारडा म्हटलं. या सगळ्यांसमोर. ताटावरून उठवलं त्याला. पोरगा पंचवीस वर्षांचा, लग्न ठरलंय त्याचं."

"मी काय करू?"

"मला काय विचारतोस? माझी माफी मी मागेन. गोठ्यात आहे तो. तू तुझं सांग."

व्हर्लिन अंगण ओलांडून गोठ्यात गेला. दुधाची वेळ नव्हती, पण एमिल शेण ओढत होता, पाठमोरा, जोरजोरात, सिमेंटवर फावडं खरवडत. व्हर्लिननं परत तेच सांगितलं. नाव, हरीण, बर्फ.

फावडं थांबलं. पण तो वळला नाही.

"काकांनी पाठवलं तुम्हाला?"

"नाही. मी आलो. इथं गोठ्यात त्यांनी पाठवलं."

"दोन तास झाले मी आठवतोय," एमिल म्हणाला. "मी गेलो होतो बघायला. चांगला फिरलो तिथं, गुडघाभर बर्फात. काही नव्हतं. पण काका म्हणाले आणि मग मला वाटायला लागलं, असेल. असेल रक्त, मलाच दिसलं नसेल. इतक्यांदा आठवलं की मला आता ते दिसायलाही लागलंय." आता तो वळला. डोळे लाल. "तर नक्की माझं नाही ना ते?"

"नाही."

"तुमचं."

"माझं."

"परत एकदा सांगा."

व्हर्लिननं परत एकदा सांगितलं, पहिल्यापासून, दुकानापासून.